वजन कमी करायचंय? घरचंच ताट नीट वाढा

सोमवारपासून भात बंद, साखर बंद, रात्री फक्त सूप. पहिल्याच आठवड्यात वजनकाटा दोन किलो खाली येतो आणि हुरूप वाढतो. तिसऱ्या आठवड्यात घरात कुणाचा तरी वाढदिवस येतो, मग ऑफिसमधली पार्टी, मग गणपती. महिनाभराने काटा पुन्हा होता तिथेच, कधी थोडा पुढेही. तुमच्या बाबतीत असं एकदा तरी झालं असेल, तर लगेच स्वतःला आळशी ठरवू नका. सगळे पोळीभाजी खात असताना एकट्याने वाटीभर सूप घेऊन बसायला लावणारा आहार फार दिवस चालत नाही. पाच वर्षांनंतरही आनंदाने खाता येईल असं जेवण हवं असेल, तर त्याची सुरुवात रोजच्याच ताटापासून करा.

उपाशी शरीर काय करतं?

पहिल्या आठवड्यात उतरणाऱ्या वजनात बरंचसं पाणी असतं. शरीर थोडी साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं आणि तिच्यासोबत पाणीही धरून ठेवतं. खाणं एकदम कमी केलं की आधी हा साठा संपतो. चरबी त्यानंतर, सावकाश कमी होते.

अति कमी खाण्याने मनावर काय परिणाम होतो, हे १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात दिसलं. अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे रोज साधारण १६०० कॅलरींच्या आत जेवण दिलं आणि भरपूर चालायलाही लावलं. त्यांचं वजन जवळजवळ पाव भागाने उतरलं. पण ते चिडचिडे झाले, उदास राहू लागले, त्यांच्या डोक्यात दिवसभर खाण्याचेच विचार घोळू लागले. काहीजण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसत. बंधन उठल्यावर त्यांच्यातल्या अनेकांनी प्रचंड खाल्लं, तरी पोट भरल्यासारखं वाटेना. म्हणजे कडक डाएटनंतर फ्रिजकडे वळणारे पाय हा फक्त मनाचा कमकुवतपणा नसतो. शरीर गमावलेलं परत मागत असतं.

ताटाची डावी बाजू मोठी करा

आपल्या ताटात वाढायची एक रीत आहे. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मध्ये पोळी आणि भात. अडचण एवढीच की रोजच्या घाईत डावी बाजू चमचाभर उरते आणि मधला भाग वाढत जातो. तीन पोळ्या, वर भात आणि सोबत पातळ आमटी, असं जेवण झालं की पोट भरतं, पण दोन-तीन तासांत पुन्हा काहीतरी चघळावंसं वाटतं.

त्यासाठी पोळी किंवा भात सोडायची गरज नाही. फक्त प्रमाण बदला:

- कोशिंबीर चमचाभर नको, वाटीभर घ्या. काकडी, गाजर, कोबी, मुळा, जे स्वस्त मिळेल ते.
- आमटी थोडी घट्ट करा किंवा तिच्या जोडीला मटकी, मूग, चवळीची उसळ ठेवा. प्रथिनं आणि तंतू असले की भूक लवकर लागत नाही. मांसाहारी असाल तर मासे, अंडी चालतील. एका अंड्यातून साधारण ६ ग्रॅम प्रथिनं मिळतात.
- आधी कोशिंबीर आणि उसळ खायला घ्या, मग पोळी. तिसरी पोळी हवी का, हे दुसरी संपल्यावर ठरवा.
- भात आवडत असेल तर वाटीने मोजून वाढा. एक वाटी भात आणि त्यावर वरण, यात काही पाप नाही.

तेलाचा हिशेब महिन्याच्या यादीत

कॅलरी मोजणारं ॲप चार दिवस वापरून कंटाळा येतो. त्यापेक्षा किराण्याची यादी बघा. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोज साधारण ३३ मिलिलिटर तेल पोटात जातं. त्यातून जवळपास २७० कॅलरी मिळतात. तेच तेल तीन लिटरवर आणलं, तर प्रत्येकाच्या रोजच्या ६५ ते ७० कॅलरी कमी होतात आणि कुणाचंही जेवण बेचव होत नाही.

हे जमायला सोपं आहे. तेल बाटलीतून थेट कढईत ओतू नका, चमच्याने मोजून घाला. उसळीला फोडणी एकदाच द्या, वरून पुन्हा तेल नको. वांग्याचे काप, बटाट्याचे काप तव्यावर झाकण ठेवून करा. भजी, पुऱ्या सणाला हव्यातच, पण दर रविवारी नकोत.

चहाचंही तसंच. दिवसाला चार कप आणि प्रत्येक कपात दोन चमचे म्हणजे आठ चमचे साखर, साधारण ३५ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवायला सांगते. एकदम बिनसाखरेचा चहा कडू औषधासारखा लागेल. दर दोन आठवड्यांनी कपामागे अर्धा चमचा कमी करा, जीभ आपोआप जुळवून घेते.

जिथे राहता, तिथलं खा

मराठी घर इंदूरमध्ये असो, बडोद्यात किंवा हैदराबादमध्ये, हलकं आणि पोटभर खाणं तिथल्या बाजारातच मिळतं. त्यासाठी महागडे क्विनोआ, अव्होकाडो लागत नाहीत. इंदुरी पोहे वाफेवर शिजतात, त्यात मटार घाला आणि शेव, जिलेबी आवरती घ्या. गुजरातमधला वाफवलेला ढोकळा फरसाणापेक्षा केव्हाही बरा. हैदराबादचा पेसरट्टू तर मुगाचाच डोसा, कमी तेलात होतो आणि त्यातून प्रथिनंही मिळतात.

उपवासाचा मात्र नीट विचार करा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यात दाण्याचं कूट आणि तूप पडलं की एक बशी खिचडी रोजच्या जेवणाइतकी जड होते. त्याऐवजी वरीचा भात, दाण्याची पातळ आमटी, काकडी आणि ताक घेऊन बघा.

स्वयंपाक करणाऱ्याचं ताट

बऱ्याच घरांत स्वयंपाक करणारी व्यक्ती सगळ्यांत शेवटी जेवते, आणि बहुतेक वेळा ती आई किंवा सून असते. पातेल्यात उरलेला भात, मुलाने टाकलेली अर्धी पोळी, वाया जायला नको म्हणून संपवलेली भाजी, हे सगळं तिच्याच पोटात जातं. कोशिंबीर मात्र तोवर संपलेली असते. अशा वेळी तिला ‘वजन कमी कर’ असं सांगून काय उपयोग?

यावर उपाय घरातल्या सगळ्यांनी मिळून करायचा आहे. अंदाजाने नको, मोजून शिजवा. उरलेलं लगेच डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. शक्य असेल त्या रात्री सगळे एकत्र बसा. काकड्या चिरायचं काम मुलांना आणि बाबांना द्या. कोशिंबीर आधी तिच्या ताटात वाढा.

काट्याकडे किती बघायचं?

आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ झालं. कधी दोन आठवडे काटा हलणारही नाही, त्याने घाबरू नका. वजनासोबत कंबरही मोजा. भारतीयांसाठी बायकांमध्ये ८० सेंटीमीटर आणि पुरुषांमध्ये ९० सेंटीमीटर ही सावध होण्याची मर्यादा मानतात. वजन जास्त असेल, तर ते पाच ते दहा टक्के उतरलं तरी रक्तदाब आणि रक्तातली साखर सुधारायला मदत होते. म्हणजे ८० किलोच्या माणसाला चार किलोही कामाचे आहेत.

मधुमेह, थायरॉइड किंवा किडनीचा त्रास असेल, तुम्ही गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल, तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण अचानक कमी केलं, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

आणि लग्नाच्या पंगतीत श्रीखंड वाढलं, तर एक वाटी मजेत खा. दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून उपाशी राहू नका. नेहमीसारखी कोशिंबीर करा, उसळ करा, पोळी मोजून घ्या आणि घरच्यांसोबत जेवायला बसा.