कुंतीनं आधी ऐकून घेतलं

नागपूरहून बुटीबोरी ओलांडून वर्ध्याकडे निघालं, की सेलूच्या अलीकडे केळझर लागतं. टेकडीवरच्या सिद्धिविनायकाचं हे गाव. विदर्भातल्या अष्टविनायकांत त्याची गणना होते. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, असं इथली परंपरा सांगते. भीमानं बकासुराला मारलं ते इथं, हे गावातलं लहान पोरही सांगेल.

पण भीम गाडा घेऊन निघाला त्याच्या आधी काय घडलं, ते फारसं कुणी सांगत नाही. पांडव ज्या ब्राह्मणाच्या घरी राहत होते, त्या घराची बकासुराकडे अन्नाचा गाडा आणि एक माणूस पाठवायची पाळी आली होती. आतून रडण्याचा आवाज आला, तेव्हा कुंती लगेच मधे पडली नाही. नवरा म्हणत होता मी जातो, बायको म्हणत होती मी जाते, मुलगीही मागं हटत नव्हती. कुंतीनं सगळ्यांचं बोलणं ऐकलं, मग नेमकं काय झालं ते विचारलं आणि त्यानंतर उपाय सुचवला. पाहुण्याच्या मुलाला मृत्यूच्या तोंडी द्यायला यजमान तयार होईना. त्याचा संकोच तिनं दूर केला आणि ही गोष्ट बाहेर फुटू नये, हेही बजावलं. पुढं युधिष्ठिर रागावला, तर त्यालाही कारणं देऊन पटवलं. बकासुर मारायला ताकद लागली हे खरंच. पण ती ताकद योग्य जागी पोचली ती या संभाषणांमुळे.

ऐकणं, नेमकं विचारणं, समोरच्याचा मान राखून पटवणं, ताणाच्या वेळी डोकं शांत ठेवणं. आज नोकरीच्या बाजारात सॉफ्ट स्किल्स म्हणतात ती हीच. त्यांचे तीन-तीन दिवसांचे वर्ग निघतात. हस्तांदोलन कसं करावं, टाय कसा बांधावा, स्वतःची ओळख इंग्रजीत कशी करून द्यावी, हे तिथं घोकून घेतात. त्यातून थोडी भीड चेपते, नाही असं नाही. पण माणसांबरोबर काम करण्याची सवय घोकून येत नाही. दुसऱ्यांचं काहीतरी आपल्यावर अवलंबून असावं लागतं आणि त्याचा जाब चार लोकांपुढं द्यावा लागतो, तेव्हा ती अंगी बाणते.

हे ओळखणारी शाळा याच वर्धा जिल्ह्यात होती. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिथून झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि 1938 मध्ये हिंदुस्थानी तालिमी संघ उभा राहिला. शांतिनिकेतनात काम केलेलं आर्यनायकम् दांपत्य, आशादेवी आणि ई. डब्ल्यू., यांनी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामची नयी तालीम, म्हणजे हातच्या कामातून शिकवणारी शाळा, घडवली. समितीनं सुचवलेल्या साडेपाच तासांच्या दिवसात तब्बल 3 तास 20 मिनिटं हस्तोद्योगाला होती. मातृभाषेला 40 मिनिटं. लोकांच्या लक्षात राहिली ती सूत कातायची टकळी.

मला मोलाची वाटते ती तिथली मुलांची सभा. मुलं आपले मंत्री निवडत. स्वयंपाक, सफाई, आरोग्य अशी खाती असत. स्वयंपाकाचं खातं सांभाळणाऱ्या मुलाचं काम डोळ्यांपुढं आणून पाहा. धान्य किती लागेल, पैशांत काय बसेल, जेवण सकस होईल का, कोणाकडून कोणतं काम करून घ्यायचं, हे सारं त्याला ठरवावं लागणार. आणि मुदत संपली, की सभेपुढं अहवाल द्यायचा. डाळ का कमी पडली, हे ज्यांना कमी पडली त्यांनाच समजावून सांगायचं! वक्तृत्वाची याहून कडक तालीम दुसरी नसेल. पुढं ही पद्धत सरकारी शाळांत गेली तेव्हा बऱ्याच ठिकाणी सूतकताई उरली आणि सभा गळाली. पालकांनाही ते दुय्यम शिक्षण वाटलं. हे नुकसान मोठं आहे आणि त्याची चर्चा फार कमी झाली.

सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयानं मात्र हा धागा आपल्या परीनं धरून ठेवला. 1969 मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी ते सुरू केलं. तिथं नव्या तुकडीला एक गाव जोडून देतात आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबं सोपवतात. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला अनोळखी घरात शिरून, आजीबाईंना आवडेल अशा भाषेत, त्यांच्या खाण्यापिण्याची आणि दुखण्याखुपण्याची चौकशी करावी लागते.

असे गुण मोलाचे असतात, याला अर्थशास्त्रातही आधार आहे. 2000 सालचे नोबेल मानकरी जेम्स हेकमन यांनी अमेरिकेतल्या शाळा सोडून पुढं समकक्ष परीक्षा दिलेल्या मुलांचा अभ्यास केला. चाचणीतल्या बुद्धीत ती नियमित शिकलेल्यांच्या तोडीची होती, पण कमाईत आणि नोकरी टिकवण्यात मागं पडत होती. चिकाटी, स्वतःवरचा ताबा या गोष्टी परीक्षेच्या कागदावर उतरत नाहीत.

आता केळझर-सेलूकडची मुलं बुटीबोरीच्या कारखान्यांत आणि नागपूरच्या कार्यालयांत मुलाखतीला जातात. ‘एखाद्या अडचणीतून मार्ग काढल्याचा प्रसंग सांगा,’ असं विचारलं, की उत्तर येतं, ‘मी मेहनती आणि प्रामाणिक आहे.’ त्याच मुलानं मंडळाच्या महाप्रसादाचा भार उचललेला असतो. वर्गणी द्यायला नाराज असलेल्या म्हाताऱ्याला तो म्हणालेला असतो, ‘काकाजी, मांगच्या वर्षीचा हिशोब आधी पाहून घ्या, मंग वर्गणीचं बोलू.’ या एका वाक्यात राग ओळखणं आहे, पारदर्शकता आहे, सौदा आहे. पण हा ‘अनुभव’ आहे, असं त्याला कुणी कधी सांगितलेलंच नसतं. वर, वऱ्हाडी बोलतो म्हणून तो आधीच अंग चोरून बसलेला. इंग्रजी शिकावं, जरूर शिकावं. नोकरीत ती लागते. पण चांगलं बोलणं म्हणजे इंग्रजी बोलणं, ही समजूत खेड्यातल्या कितीतरी हुशार मुलांचा घात करते आहे.

अशा मुलानं प्रसंग तीन भागांत लिहून काढावा: अडचण काय होती, मी स्वतः काय केलं, त्यातून काय झालं. ‘आम्ही केलं’ लिहिलं असेल, तिथं आपला वाटा नेमका कोणता ते खोडून पुन्हा लिहावं. फसलेला बेतही चालतो, पुढच्या वेळी काय बदललं ते सांगता आलं तर. लिहिलेला प्रसंग आधी मराठीत मित्राला मोठ्यानं सांगावा, मग इंग्रजीत.

आणि हे प्रसंग मुलींच्या वाट्याला येतात का, ते गावानं पाहावं. मंडळाची सूत्रं पोरांकडे आणि मुलींच्या हाती फक्त रांगोळी, असं असेल तर त्यांनी सांगायचं तरी काय? बचत गटातल्या आईबरोबर कर्जाच्या कामाला बँकेत मुलीलाही जाऊ द्यावं, कागद तिनं वाचावा, प्रश्न तिनं विचारावा. महाराष्ट्रात ग्रामसभा वर्षातून किमान चारदा घ्यावी लागते, तिच्याआधी महिलांची सभा होते. त्यातला पाण्याचा किंवा शाळेचा एखादा विषय मांडायला कॉलेजातल्या मुलीला द्यावा. आठवडाभर आधी तिनं घरोघर फिरून लोकांचं म्हणणं टिपून घ्यावं, सभेत उलट प्रश्न आले तर सरपंचांनी तिच्या वतीनं उत्तर देऊ नये, आणि पुढच्या सभेत त्या विषयाचं काय झालं, हे तिनंच उभं राहून सांगावं.