बाबांची चेतक आणि दोन बादल्या पाणी

सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात, वाड्याच्या जिन्याखाली, नाहीतर गावाकडे गोठ्याशेजारी एखादी चेतक हमखास उभी असते. टायर बसलेले, सीट उसवलेली, वर धुळीचा जाड थर आणि त्या धुळीत कुणा पोराने बोटाने काढलेला बदाम. आई म्हणते, 'एकदाची भंगारात द्या.' भंगारवाला वजनावर भाव सांगतो. बाबा मात्र विषय बदलतात.

का बदलतात, ते समजून घ्या. १९७२ मध्ये बजाजने ही स्कूटर आणली, राणाप्रतापांच्या घोड्याचं नाव देऊन. आकुर्डीच्या कारखान्यात बनणाऱ्या या गाडीसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे. पुढे एक पोर उभं, मागे आई, तिच्या मांडीवर दुसरं पोर आणि डिक्कीत भाजी. किक मारमारून चालू होईना की एका बाजूला तिरकी करायची, मग परत किक. २००९ मध्ये कंपनीने स्कूटर बनवणं थांबवायचं ठरवलं. २०२० पासून चेतक हे नाव परत रस्त्यावर दिसतंय, पण ती इलेक्ट्रिक. पार्किंगमधली ती नव्हे.

आता जुन्या गाड्या 'रिस्टोअर' करायची लाट आहे. रील बघितलं की हात शिवशिवतात, मग गाडी थेट पेंटरकडे. पत्रा घासून मॅट ब्लॅक, वर एखादा स्टिकर. मला विचाराल तर थोडं थांबा. कारखान्यातला मूळ रंग एकदा घासून काढला की तो परत मिळत नाही. शिवाय गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो, बदललात तर आरटीओत जाऊन नोंद बदलणं आलं. आणि पेंटरने घासताना चॅसी नंबर बुजवला, तर पुढे पुनर्नोंदणीला गाडी न्याल तेव्हा खरी पंचाईत. पेंटर कुठे पळून जात नाही. आधी धुऊन बघा, खाली काय शिल्लक आहे ते.

पहिली गोष्ट, कोरडं फडकं हातात घेऊच नका. त्या धुळीत बारीक वाळू असते, तिने पत्र्यावर जाळीदार ओरखडे उठतात. आधी नुसतं पाणी ओता आणि माती भिजू द्या. मग दोन बादल्या घ्या, एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. फडकं शाम्पूत बुडवायचं, वरून खाली पुसायचं, साध्या पाण्यात खळबळायचं आणि मगच पुन्हा शाम्पूत. भांड्यांचा साबण नको, कपड्यांची पावडर तर नकोच. सायलेन्सरच्या तोंडावर प्लास्टिक बांधा, आणि प्रेशरच्या पाण्याचा झोत कार्बोरेटरकडे मारू नका. डांबराचे ठिपके, टू-टी ऑइलचा चिकटा जात नसेल तर फडक्याला थोडं रॉकेल लावून पुसा आणि लगेच धुऊन टाका.

गाडी वाळली की डिक्कीचं झाकण उघडा. आतल्या बाजूला ऊन पोचलेलं नसतं, त्यामुळे खरा रंग तिथे दिसतो. कित्येकांना आपली गाडी मुळात निळी होती हे तिथेच कळतं! बाहेर तोच रंग पांढुरका पडलाय, बोट फिरवलं तर खडूसारखी भुकटी लागते. उन्हाने मेलेला हा वरचा थर.

पॉलिशिंगबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होतो. पॉलिश करणं म्हणजे चमक 'लावणं' नाही. रबिंग कंपाउंड तो मेलेला थर खरवडून काढतं आणि खालचा जिवंत रंग वर येतो. म्हणजे दर वेळी थोडा रंग जातोच. जुन्या साध्या रंगांवर बहुधा क्लिअर कोट नसतो, त्यामुळे फडक्यावर गाडीचा रंग उतरेल. घाबरू नका, पण हावरटपणाही करू नका. सगळ्यात बारीक कंपाउंडने सुरुवात करा, स्टेपनीमागे किंवा सीटखाली छोट्या जागेवर करून बघा. पुरेसं झालं तर जाड कंपाउंडला हात लावायची गरजच नाही. सावलीत, गार पत्र्यावर, वीतभर जागा घेऊन हलक्या हाताने. मशीन नवशिक्यांसाठी नाही. कडांवर आणि वळणांवर रंग सगळ्यात पातळ असतो, मशीन तिथे दोन सेकंदांत पत्रा दाखवतं. कडांवर मास्किंग टेप लावली की झालं. नावाच्या अक्षरांभोवती जुना टूथब्रश चालतो. क्रोमवरचा वरवरचा गंज पोळ्या गुंडाळायची फॉइल चुरगाळून, पाण्यात बुडवून घासली की निघतो.

खोल गंजाचं मात्र वेगळं. तो पॉलिशने जात नाही, फक्त चमकतो. फूटबोर्डवरची रबरी मॅट उचला, कारण पाणी तिच्याखाली साठतं. पत्र्याला स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टणक लागला तर पॉलिश पेपरने स्वच्छ धातूपर्यंत घासा, रेड ऑक्साइड प्रायमर मारा आणि तेवढ्याच जागेवर रंग लावा. टोक आत गेलं तर वेल्डिंगवाल्याला गाठा, यूट्यूबला नव्हे.

या सगळ्यात बाबांना खाली बोलवा. मदतीला नको, नुसतं खुर्ची टाकून बसायला. पुढच्या पत्र्यावरचा पोचा तुम्हाला बुजवायचा असतो, आणि ते म्हणतात, 'राहू दे तो.' मग कळतं की तो तुमच्या जन्माच्या रात्री दवाखान्याच्या फाटकाला लागलेला. विक्रेत्याचं अर्धं उडालेलं स्टिकर, मागच्या मडगार्डवर हाताने रंगवलेला नंबर, त्यातलं काय ठेवायचं आणि काय घासायचं हे गाडी ज्याने चालवली त्याला ठरवू दे. तुमचा अंदाज चुकला तर तो रंग परत येणार नाहीये.

शेवटी वॅक्स, अगदी पातळ. धुरकट दिसू लागलं की मऊ कापडाने पुसा. सीटला, फूटबोर्डच्या रबराला आणि ब्रेकच्या पेडलला चुकूनही लावू नका, पाय सटकेल.

आणि एवढं करून वर प्लास्टिकची ताडपत्री टाकू नका. आत दमट हवा कोंडते आणि पावसाळ्यात गंज दुप्पट जोराने धरतो. सुती कव्हर घाला, जुनी चादरही चालेल. आठवड्यातून एकदा ती काढून किक मारा. चालू नाही झाली तर तिरकी कशी करायची ते बाबा दाखवतील.