अमेरिकेतील रेसिडेन्सी : कशासाठी जावे?

आपल्या ट्रस्टच्या शिक्षण फंडाकडे परदेशगमनासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती मागणारे जे अर्ज येतात, त्यांत आता एम. बी. बी. एस. झालेल्या मुलामुलींचे अर्जही असतात. पुष्कळांचा बेत एकच : अमेरिकेत जाऊन इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी करावयाची. अर्जात खर्चाचा तपशील चोख असतो. मात्र हेतूच्या रकान्यात बहुधा ‘उच्च शिक्षण’ एवढेच दोन शब्द असतात. ते खोटे नसतात, पण पुरेसेही नसतात. हा मार्ग कसा आहे आणि तरुण डॉक्टर तो कोणत्या ओढीने धरतात, हे सभासद बंधुभगिनींस कळावे म्हणून हे थोडे विवेचन.

इंटर्नल मेडिसिन म्हणजे आपल्याकडे ज्यास जनरल मेडिसिन म्हणतात तेच शास्त्र. आपण ज्यांना फिजिशियन म्हणतो त्यांचे. यात शस्त्रक्रिया नाही. रोग ओळखणे आणि औषधाने आटोक्यात ठेवणे हे मुख्य काम. घरातील आजोबांचे पाय सुजले आहेत, एवढीच तक्रार घ्या. दोष हृदयाचा असेल, मूत्रपिंडाचा, यकृताचा किंवा थायरॉइडचा असेल; कदाचित रक्तदाबासाठी घेत असलेली अ‍ॅम्लोडिपिनची गोळीही त्यास कारण असेल. रुग्णाशी बोलून, त्याला तपासून आणि नेमक्या चाचण्या करून यांतील खरे कारण शोधावयाचे, हा या शास्त्राचा आत्मा होय. ज्या मुलाला या शोधाची गोडी लागते, तो सहसा दुसरीकडे वळत नाही.

रेसिडेन्सीची अमेरिकेतील पद्धत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९ साली विल्यम ऑस्लर आदी वैद्यांनी घालून दिली. पदवीधर डॉक्टराने रुग्णालयातच राहून, ज्येष्ठांच्या देखरेखीखाली जबाबदारी चढत्या क्रमाने उचलावयाची. म्हणून तो ‘रेसिडेंट’. आज इंटर्नल मेडिसिनसाठी ही मुदत ३ वर्षांची आहे. हृदयरोग, मूत्रपिंडविकार, मधुमेह व ग्रंथिविकार यांचे विशेषज्ञ व्हावयाचे तर आधी हीच पायरी चढावी लागते. आपल्याकडे एम. डी. झालेल्यासही तेथे स्वतंत्र व्यवसाय करण्यासाठी सामान्यतः पुन्हा रेसिडेन्सी करावी लागते. अलीकडे काही राज्यांनी ही अट सैल करण्याचे कायदे केले आहेत, तरी रूढ मार्ग हाच.

प्रवेशासाठी परीक्षा आहेत. त्यांपैकी पहिलीचे गुण जानेवारी २०२२ पासून दिले जात नाहीत. केवळ उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण एवढेच कळते. त्यामुळे दुसऱ्या परीक्षेचे गुण, शिफारसपत्रे, मुलाखत आणि ‘मी हा विषय का निवडला’ हे सांगणारे उमेदवाराचे निवेदन यांचे वजन वाढले. मग उमेदवार रुग्णालयांची आणि रुग्णालये उमेदवारांची पसंतीची यादी देतात. संगणक जोड्या जुळवितो आणि मार्चमध्ये निकाल लागतो. अलीकडच्या वर्षांत अमेरिकन नागरिक नसलेल्या, परदेशात शिकलेल्या उमेदवारांपैकी शंभरात सुमारे साठांना जागा मिळाली. म्हणजे चाळीस रिकाम्या हाताने राहिले. रेसिडेंटला पगार असतो. पण परीक्षा, प्रवास व अर्ज यांचा खर्च त्याआधीच झालेला असतो. फंडाचे पैसे आणि आईवडिलांची पुंजी पणास लागते ती याच टप्प्यावर.

आता हेतूंविषयी. पहिला हेतू जागेचा. येथे एम. डी. मेडिसिनची जागा मिळणे कठीण. तेथे २०२४ साली या एका विषयात दहा हजारांहून अधिक जागा होत्या, आणि परदेशी पदवीधरांना याच विषयाचे दार सर्वांत अधिक उघडते. दुसरा हेतू पैशाचा व स्थैर्याचा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. कुटुंबाचे कर्ज फेडावयाचे असते. तिसरा हेतू शिक्षणपद्धतीचा : रोजची रुग्णचर्चा, निर्णयामागचे कारण सांगण्याची सक्ती, संशोधनाची संधी. चौथा हेतू घरातून येतो. आजीच्या मधुमेहाचे निदान उशिरा झाले, तेव्हापासून मनात बसलेली एखादी रुखरुख.

आमच्या मते पहिले दोन हेतू प्रवासखर्चापुरते आहेत. आठवड्यास ८० तासांपर्यंत काम, रात्रपाळ्या आणि घरापासून दूर काढलेला हिवाळा यांत माणूस टिकतो तो तिसऱ्या व चौथ्या हेतूच्या बळावर. मुलाखत घेणारेही हेच चाचपून पाहतात.

हेतू स्पष्ट सांगण्याचा कित्ता आपल्याकडे जुना आहे. १८८३ साली आनंदीबाई जोशी यांनी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात, आपण अमेरिकेस का जाणार, हे लोकांसमोर उभे राहून सांगितले : हिंदुस्थानात स्त्रीडॉक्टरांची गरज आहे आणि तसे शिक्षण येथे मिळत नाही. १८८६ साली त्यांनी फिलाडेल्फियात पदवी मिळविली. पुढच्याच वर्षी त्या निवर्तल्या. सेवा करावयास आयुष्य पुरले नाही, पण त्यांच्या हेतूविषयी कोणास शंका राहिली नाही.

परतण्याचा प्रश्नही आधीच बोलावा. जे-१ व्हिसावर गेलेल्या डॉक्टराने शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहावे, असा तेथील कायदा आहे. डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे काम केल्यास ही अट माफ होऊ शकते. प्रत्येक राज्याला दरवर्षी अशा ३० शिफारशी करता येतात. तेव्हा आईवडिलांनी ‘येशील ना?’ एवढे विचारून थांबू नये. कोणता व्हिसा, किती वर्षे, आणि जागा न मिळाल्यास पुढे काय, हेही विचारावे.

म्हणून अर्जदारांस आमची विनंती एवढीच की, हेतूच्या रकान्यात यापुढे एक पानभर लिहावे आणि ते आधी घरात वाचून दाखवावे. जे आईपुढे सांगता येते, तेच परक्या मुलखात मुलाखतीपुढे ठामपणे सांगता येते. आणि ते लिहिताना एखाद्यास आपले मन येथेच रमते असे उमगले, तर त्याच्या येथील शिक्षणासही हा फंड तितक्याच आनंदाने हातभार लावील.