मधल्या रेषेपलीकडची गार्ड

बास्केटबॉलमध्ये एका संघाच्या पाच जणी मैदानात असतात. त्यातल्या दोघी साधारणपणे 'गार्ड' म्हणून खेळतात. गार्ड म्हणजे राखण करणारी, हा झाला शब्दाचा सरळ अर्थ. आजच्या खेळात मात्र गार्डला बरंच काही करावं लागतं. चेंडू टप्पे देत पुढे न्यायचा, आपली कोणती खेळाडू मोकळी आहे ते हेरायचं, तिच्या हातात नेमका चेंडू पोचवायचा आणि संधी दिसली की लांबूनच बास्केटचा वेध घ्यायचा. गार्ड म्हणजे संघाचे डोळे, असं म्हटलं तरी चालेल.

आता एक गंमत सांगतो. अमेरिकेच्या मध्यभागी, मक्याच्या शेतीसाठी प्रसिद्ध असलेलं आयोवा नावाचं राज्य आहे. तिथल्या शाळांमधून मुली कित्येक दशकं वेगळ्याच नियमांनी बास्केटबॉल खेळत होत्या. संघ सहा जणींचा. तिघी फॉरवर्ड, तिघी गार्ड. मैदानाच्या मधोमध रेषा, आणि ती कुणीही ओलांडायची नाही. फॉरवर्डनी एका अर्ध्या भागात राहून गुण मिळवायचे. गार्डनी दुसऱ्या अर्ध्या भागात राहून प्रतिस्पर्ध्यांना अडवायचं. चेंडू हातात आला की जास्तीत जास्त दोन टप्पे. म्हणजे गार्ड झालेली मुलगी शाळा संपेपर्यंत सामन्यात एकदाही बास्केट करू शकत नसे! पूर्ण मैदानभर धावणं मुलींच्या प्रकृतीला झेपणार नाही, अशी त्या काळातली समजूत या नियमांमागे होती.

पण म्हणून हा खेळ कुणी कमी लेखत नव्हतं, बरं का. आयोवात मुलींची राज्य स्पर्धा १९२० मध्ये सुरू झाली. लहान लहान गावं सामन्याच्या दिवशी ओस पडत, कारण सगळं गाव राजधानी डी मॉइनमध्ये पोचलेलं असे. १९६८ च्या अंतिम सामन्यात डेनिस लाँग या मुलीने ६४ गुण मिळवले, तर हरलेल्या संघाच्या जेनेट ओल्सनने ७६! अमेरिकेतल्या बहुतेक ठिकाणी मुलींना मैदानच मिळत नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट. शिक्षणसंस्थांमध्ये मुलींना खेळाची समान संधी देणारा 'टायटल नाइन' हा कायदा आला तो १९७२ मध्ये. सहा जणींचा हा खेळ आयोवात शेवटचा खेळला गेला १९९३ मध्ये.

त्यानंतर नऊ वर्षांनी, जानेवारी २००२ मध्ये, डी मॉइनमध्ये केटलिन क्लार्कचा जन्म झाला. पाच वर्षांची असताना ती बास्केटबॉल खेळू लागली. तिच्या वयाच्या मुलींचा संघच मिळेना, म्हणून वडिलांनी तिला मुलांच्या संघात घातलं. मुलांमध्ये खेळायचं म्हणजे अंगापिंडाने थोराड प्रतिस्पर्ध्यांशी गाठ. तिथे चपळाई आणि नजर यांचाच आधार. पुढे ती मुलींच्या संघात आली, डाउलिंग कॅथलिक या शाळेकडून खेळू लागली. फेब्रुवारी २०१९ मध्ये शाळेच्या एका सामन्यात तिने एकटीने ६० गुण केले. त्यात तीन गुणांच्या १३ फेकी होत्या. २०१९ आणि २०२१ मध्ये एकोणीस वर्षांखालील जागतिक स्पर्धा जिंकणाऱ्या अमेरिकी संघातही ती होती.

अशा मुलीला कोणत्याही नामांकित विद्यापीठाने आनंदाने घेतलं असतं. तिने निवडलं घराजवळचं आयोवा विद्यापीठ. तिथल्या प्रशिक्षक लिसा ब्लूडर आणि त्यांच्या सहकारी जॅन जेन्सन या दोघीही आयोवाच्याच, आणि दोघीही शाळेत सहा जणींचा खेळ खेळलेल्या. ज्या पिढीला मधली रेषा ओलांडायची परवानगी नव्हती, तिने या गार्डला सांगितलं, तुला जिथून योग्य वाटेल तिथून फेक.

पहिला हंगाम २०२०-२१ चा, म्हणजे करोनाच्या दिवसांतला. प्रेक्षकांच्या खुर्च्या रिकाम्या. तरी सामन्यामागे २६.६ गुणांची सरासरी राखत ती देशात पहिली आली. दुसऱ्या हंगामात तिने आणखी अवघड गोष्ट केली. गुण मिळवण्यातही पहिली आणि सहकाऱ्यांना गुण मिळवून देणारे पास, ज्यांना 'असिस्ट' म्हणतात, त्यातही पहिली. एकाच हंगामात दोन्ही क्रमांक पटकावणारी ती पहिलीच महिला खेळाडू. जी स्वतः इतकं करते तीच इतरांनाही इतकं देते, हे फार क्वचित घडतं.

अर्थात सगळं सुरळीत झालं असं नाही. मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या दुसऱ्याच फेरीत, घरच्या मैदानावर, आयोवाचा संघ क्रेटन विद्यापीठाकडून अवघ्या दोन गुणांनी हरला. धाडसी पास देण्याच्या नादात केटलिन चेंडू गमावते, ही टीकाही होतच होती. पुढच्या वर्षी संघाने थेट अंतिम फेरी गाठली. लुइव्हिलविरुद्ध तिने ४१ गुण, १२ असिस्ट आणि १० रिबाउंड अशी कामगिरी केली. अंतिम सामना मात्र एल. एस. यू. ने जिंकला. २०२४ मध्ये पुन्हा अंतिम फेरी, आणि पुन्हा हार, या वेळी साउथ कॅरोलिनाकडून. विजेतेपद तिला विद्यापीठात मिळालं नाहीच. पण तो सामना दूरचित्रवाणीवर सरासरी १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा महिलांच्या अंतिम सामन्याला जास्त प्रेक्षक, हे अमेरिकेत पहिल्यांदाच घडलं.

आता विक्रमांकडे वळू या. इथे खरा विचार करण्यासारखा मुद्दा आहे. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी केटलिनने केल्सी प्लमचा ३५२७ गुणांचा विक्रम मोडला, तोही मधल्या रेषेजवळच्या चिन्हापासून मारलेल्या फेकीने. 'महिलांमध्ये सर्वाधिक गुण' म्हणून गौरव झाला. पण थांबा. लिनेट वूडार्ड या खेळाडूने कॅन्सस विद्यापीठाकडून १९७७ ते १९८१ या काळात ३६४९ गुण केले होते. मग त्यांचं नाव कुठे गेलं? तर एन. सी. ए. ए. या संस्थेने महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धा भरवायला सुरुवात केली १९८१-८२ पासून. त्याआधी मुलींची स्पर्धा दुसरी संघटना घेत असे. संस्था बदलली आणि आधीच्या मुलींचे गुण अधिकृत वहीत आलेच नाहीत. वूडार्ड यांच्या वेळी तीन गुणांची रेषा नव्हती आणि मुली पुरुषांच्याच मापाच्या मोठ्या चेंडूने खेळत.

प्रशिक्षक ब्लूडर यांनी हे आवर्जून बोलून दाखवलं, की खरा विक्रम वूडार्ड यांचाच आहे. केटलिनने तो २८ फेब्रुवारीला ओलांडला. ३ मार्चला पीट मॅराविच यांचा पुरुषांचा ३६६७ गुणांचा विक्रमही मागे पडला. त्या दिवशी प्रेक्षकांत स्वतः लिनेट वूडार्ड बसल्या होत्या. केटलिनची विद्यापीठातली कारकीर्द ३९५१ गुणांवर संपली. एप्रिलमध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत इंडियाना फीव्हरने तिला पहिल्या क्रमांकावर घेतलं.

तरीही एक आकडा उरतोच. पर्ल मूर या गार्डने १९७५ ते १९७९ या काळात महाविद्यालयीन खेळात ४०६१ गुण केले होते, त्यातले बहुतेक साउथ कॅरोलिनातल्या फ्रान्सिस मॅरियन या लहानशा महाविद्यालयाकडून. तो आकडा केटलिनलाही गाठता आला नाही. बास्केटबॉलच्या सर्वोच्च सन्मान दालनात मूर यांना स्थान मिळालं ते २०२१ मध्ये, खेळ थांबवून कित्येक वर्षं लोटल्यावर.

मुलींच्या खेळात अशी कितीतरी कामगिरी वहीबाहेर राहिली आहे. केटलिनचं मोठेपण तिच्या गुणांत आहेच. पण तिच्यामुळे लोकांनी जुन्या वह्या उघडल्या, वूडार्ड आणि मूर ही नावं पुन्हा मोठ्याने उच्चारली गेली, हेही थोडं नाही. आपल्या शाळा-महाविद्यालयांतही कुण्या मुलीने कधीकाळी मैदान गाजवलेलं असेल. तिचे गुण कुणी लिहून ठेवले आहेत का, एवढं जरी आपण विचारलं, तरी पुष्कळ झालं.