फिलिपिनो चित्रकलेतील अध्यात्म आणि दैनंदिन जीवन

फिलिपाइन्सवर १५६५ ते १८९८ या काळात स्पेनची सत्ता होती. या सत्तेबरोबर आलेल्या ख्रिस्ती धर्माने तेथील चित्रकलेला विषय दिले, तसेच नमुनेही पुरविले. युरोपातून येणाऱ्या छापील धर्मचित्रांवरून स्थानिक कारागीर मरियेच्या व संतांच्या प्रतिमा तयार करीत. साहजिकच त्या प्रतिमांतील चेहरे, वस्त्रे आणि वास्तू परभूमीतील असत. भक्त आणि आराध्य यांच्यात पावित्र्याचे अंतर होतेच; त्यात वंशाच्या अंतराची भर पडली. विसाव्या शतकात व त्यानंतर काही फिलिपिनो चित्रकारांनी हे अंतर कसे ओलांडले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या परिवर्तनाची पार्श्वभूमी व्हिक्टोरिओ एदादेस यांच्या १९२८ मधील मनिला येथील प्रदर्शनाने तयार केली. फर्नांदो आमोर्सोलो यांच्या उजळ, प्रसन्न ग्रामचित्रांना सरावलेल्या रसिकांपुढे एदादेस यांनी मातकट रंगांतले राबणारे मजूर उभे केले. त्यांचे सहकारी गालो ओकाम्पो यांनी १९३८ मध्ये ‘ब्राउन मॅडोना’ रंगविली. सावळ्या वर्णाची, देशी पोशाखातील माता आणि पाठीमागे गवताने शाकारलेले घर असे हे चित्र आहे. योगायोग असा, की गोव्यात जन्मलेले आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) याच दशकात साडी नेसलेली मरिया रंगवीत होते. त्याबद्दल गोव्यात त्यांच्यावर टीका झाली आणि पुढे पुणे हीच त्यांची कर्मभूमी ठरली. तथापि, ओकाम्पो यांच्या चित्रात वर्ण व वेश बदलला, तरी माता आणि बालक यांची पारंपरिक मांडणी कायम राहिली, हेही नोंदविणे आवश्यक आहे.

व्हिसेंते मानान्साला यांनी त्यापुढचे पाऊल उचलले. फेब्रुवारी १९४५ च्या लढाईत मनिला शहर उद्ध्वस्त झाले. त्यानंतर मोडक्या लाकडांची व पत्र्यांची खोपटी शहरभर पसरली. मानान्साला यांच्या ‘मॅडोना ऑफ द स्लम्स’ (१९५०) या चित्रातील माता याच वस्तीतील आहे. बालकाला घट्ट धरून ती उभी आहे आणि घनवादी शैलीतील कोनाकोनांची खोपटी तिला चहूबाजूंनी दाटून आली आहेत. येथे पार्श्वभूमी ही सजावट राहत नाही, तर तीच मातेच्या चेहऱ्यावरील चिंतेचे कारण बनते.

जोई व्हेलास्को यांच्या ‘हापाग नांग पाग-आसा’ (२००५) या चित्रात हा प्रवास अधिक अवघड वळणावर येतो. शीर्षकाचा अर्थ ‘आशेचे मेज’ असा असून, त्यातील ‘आसा’ हा शब्द मूळच्या संस्कृत ‘आशा’ शब्दापासूनच तेथे रुजला आहे. ‘अंतिम भोजन’ या प्रसंगातील बारा शिष्यांच्या जागी येथे बारा उपेक्षित मुले आहेत. आपल्या चार मुलांना पानातल्या अन्नाची किंमत कळावी, म्हणून व्हेलास्को यांनी हे चित्र स्वतःच्या भोजनगृहासाठी रंगविले होते. चित्रातील बहुतेक मुले त्यांना मनिला परिसरातील रस्त्यांवर व वस्त्यांत भेटली होती. मेजाखालचे मूल मात्र फिलिपिनो नाही. केव्हिन कार्टर यांच्या १९९३ मधील सुदानच्या दुष्काळाच्या छायाचित्रातून ते येथे आले आहे. एका देशातील गरिबांच्या पंगतीतही ज्याला बसायला जागा नाही, असे ते मूल आहे. चित्राचा सर्वांत धारदार भाग हाच होय.

या ठिकाणी एक गंभीर प्रश्न उपस्थित होतो. गरिबाला पवित्र ठरविले की त्याच्या भुकेचा प्रश्न सुटतो, की केवळ भिंतीवर टांगण्याजोगा होतो? या चित्राच्या प्रतिकृती फिलिपाइन्समधील असंख्य घरांत जेवणाच्या मेजाशेजारी लागल्या, ही वस्तुस्थिती दोन्ही उत्तरांना आधार देते. व्हेलास्को यांना हा प्रश्न जाणवला असावा. चित्र पूर्ण झाल्यावर ते त्या मुलांच्या शोधात पुन्हा वस्त्यांमध्ये गेले, त्यांच्या घरची परिस्थिती त्यांनी जाणून घेतली आणि त्यांच्या कहाण्यांचे पुस्तक लिहिले. त्यात ही मुले शिष्यांची प्रतीके राहिली नाहीत. नावानिशी, घरादारासह आणि न सुटलेल्या अडचणींसह ती वाचकासमोर आली. व्हेलास्को यांचे २०१० मध्ये निधन झाले.