कोरड्या माळावरची बिऱ्हाडे

फुलपाखरांचे फोटो हवे असले की माणसे भीमाशंकरची वाट धरतात, आणि ते साहजिकच आहे. २०१५ साली महाराष्ट्राने राज्य-फुलपाखराचा मान ‘ब्लू मॉर्मन’ला दिला, तेही सह्याद्रीच्या ओल्या रानातलेच. शिरूर-दौंडकडे कॅमेरा घेऊन कुणी निघालाच, तर स्वारी रांजणगावच्या गणपतीला नाहीतर मोराच्या चिंचोलीला चालली असेल, असे आपण धरून चालतो. वर्षाकाठी वीस इंचांच्या आसपास पाऊस, कुसळी गवत, बोरी-बाभळी आणि रुई! तिथे टिपायचे तरी काय?

त्या रुईपासूनच सुरुवात करावी. तिचा चीक विषारी, म्हणून गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत. पण निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा एक देखणा नाकतोडा तिच्यावरच पोसतो, आणि त्याच्या पिलाला चिमटीत धरले तर ते चक्क पिचकारी मारते. शेजारच्या पानावर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या कड्यांची ‘प्लेन टायगर’ची अळी असते. चिकातले विष अंगात मुरवून ती पक्ष्यांना नकोशी होते. यवतहून भुलेश्वराकडे चालत निघालात, तर अशा एका झुडपापाशी तासभर सहज जाईल.

यासाठी फार खर्च करावा लागतो, हा समज मात्र सोडून द्यावा. जुनी ५० मिलिमीटरची लेन्स कॅमेऱ्यावर उलटी बसवली, की किडा जवळजवळ आहे त्या आकारात उमटतो. अडचण एवढीच, की स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम मिलिमीटरभर असतो. डोळा लख्ख आला, तर पाय धूसर! आपण श्वास रोखायचा आणि आपली सावली किड्यावर पडू द्यायची नाही. कार्तिकातली पहाट यासाठी सर्वांत बरी. गारठलेला किडा ऊन लागेपर्यंत जागचा हलत नाही.

आता बाभळीकडे वळू. फांदीवर मळक्या कापसाचा बोळा अडकल्यासारखा दिसतो, त्याला कचरा समजून पुढे जाऊ नये. ते कोळ्यांचे एकत्र कुटुंब आहे. (कोळी हा कीटक नव्हे, त्याला पाय आठ.) कोळी म्हणजे एकलकोंडा, जवळ येईल त्याला खाणारा प्राणी, पण हे मात्र शेकड्यांनी एका घरट्यात नांदतात. काटक्या, वाळकी पाने आणि खाल्लेल्या भक्ष्याची टरफले जाळ्यात गुंफून ते घरटे उभे राहते. आपल्याहून कितीतरी मोठा नाकतोडा जाळ्यात अडकला, की पाच-दहा जणी धावून त्याला ओढत आत नेतात. जणी म्हणायचे, कारण या घरात माद्याच फार. पिले झाली की आई त्यांना आपल्या पोटातले अन्न भरवते, आणि ते संपले की पिले आईलाच खातात. ती पळून जात नाही. बाभळीचे काटे सांभाळून हे टिपणे अवघड आहे. पण एकदा पाहिले म्हणजे त्या मळक्या बोळ्याकडे पुन्हा पूर्वीच्या नजरेने पाहवत नाही.

एवढे सगळे ज्या जमिनीवर चालते, तिला आपण ‘पडीक’ म्हणतो. पाणी आले की तिथे ऊस उभा राहतो. रांजणगाव आणि कुरकुंभ इथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. उसाला नावे ठेवण्याचा अधिकार दिवाळीच्या करंज्या खाणाऱ्या आपल्याला नाही. पण नांगर फिरल्यावर माळावर कोण राहत होते, हे सांगायला कुणी उरत नाही. दौंडच्या शेजारी सुप्याला १९९७ साली चिंकाऱ्यासाठी मयूरेश्वर अभयारण्य झाले, तेव्हा त्या गवतातले कोळीही आयतेच वाचले. ते क्षेत्र मात्र जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे.

म्हणून या फोटोंना किंमत आहे. ‘आयनॅचरलिस्ट’सारख्या ठिकाणी गाव आणि तारीख घालून ते ठेवले, तर जाणकार प्राण्याचे नाव सांगतात आणि नोंद अभ्यासकांच्या उपयोगी पडते. मुलांना बरोबर न्यावे. त्यांचे डोळे जमिनीच्या जवळ असतात. किड्याचा फोटो निघाला, की चार पावले मागे येऊन त्याच जागेवरून सबंध माळाचाही एक घ्यावा.