विद्यार्थ्याचा वृत्तपत्रीय लेख : पूर्वनियोजन आणि आराखडा

प्रस्तावना

मराठी वृत्तपत्रीय लेखनाच्या पायाभरणीत अध्यापकांचा वाटा मोठा आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये शिकवीत. १८८१ साली निघालेल्या ‘केसरी’चे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर पुढे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. आज मात्र महाविद्यालयीन विद्यार्थ्याने वृत्तपत्रासाठी लिहिलेला लेख पुष्कळदा परीक्षेतील निबंधच असतो : विषयाची थोरवी, फायदे-तोटे आणि शेवटी उपदेश. या उणिवेचे मूळ भाषेपेक्षा पूर्वनियोजनाच्या अभावात अधिक आहे.

विषय आणि प्रश्न

निबंध विषयावर लिहिला जातो, तर लेख प्रश्नावर. ‘चाकणचे औद्योगिकीकरण’ हा विषय आठशे शब्दांत मावणारा नाही. ‘राजगुरुनगरहून चाकणला पहिल्या पाळीसाठी जाणाऱ्या कामगाराला घरातून किती वाजता निघावे लागते आणि का?’ हा प्रश्न मात्र मावतो. पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता चाकणच्या तळेगाव चौकात परस्परांना छेदतात. कारखान्यांची अवजड वाहने, कामगारांच्या बसगाड्या आणि बाजारात येणारा शेतमाल यांची तेथे गाठ पडते. हे दृश्य विद्यार्थ्याच्या परिचयाचे असते. परंतु ते लेखाचे साहित्य होऊ शकते, हे त्याला सहसा कोणी सांगितलेले नसते.

आराखड्याची रचना

प्रश्न ठरल्यावर त्याचे संभाव्य उत्तर एका वाक्यात लिहावे. हे लेखाचे मध्यवर्ती विधान होय. त्याखाली तीन रकाने आखावेत : मुद्दा, त्याचा आधार आणि तो आधार कोठून मिळणार. आधाराचा रकाना रिकामा राहिल्यास तो मुद्दा वगळावा. येथेच माहितीची कालसुसंगतताही तपासली जाते. खेड तालुक्यात विमानतळ होणार, ही चर्चा अनेक वर्षे चालली. २०१६ मध्ये मात्र पुरंदरच्या जागेची निवड झाली. ऐकीव माहितीवर विसंबणाऱ्याचा लेख अशा ठिकाणी फसतो.

कार्यालयीन माहिती हवी असल्यास कालनियोजनही आवश्यक ठरते. माहिती अधिकार अधिनियम, २००५ नुसार उत्तरासाठी सर्वसाधारणपणे ३० दिवसांची मुदत असते. म्हणून अर्ज आराखड्याच्या टप्प्यावरच करावा लागतो.

त्यानंतर क्रम ठरवावा. बातमीत सर्वांत महत्त्वाचा तपशील प्रथम येतो आणि जागा कमी पडल्यास शेवटचा मजकूर कापता येतो. लेखात युक्तिवाद टप्प्याटप्प्याने चढत जातो, त्यामुळे त्याचा शेवट कापता येत नाही. आठशे शब्दांच्या लेखात प्रसंगासाठी शंभर, प्रश्नाच्या मांडणीसाठी शंभर, पुराव्यासाठी साडेतीनशे, प्रतिपक्षासाठी दीडशे आणि निष्कर्षासाठी शंभर शब्द, अशी विभागणी उपयुक्त ठरते. प्रतिपक्षाला स्वतंत्र जागा न दिल्यास तो लेखातून हमखास गळतो.

आराखड्याची लवचिकता

मध्यवर्ती विधान पुराव्याआधी लिहिलेले असल्याने ते तात्पुरतेच मानावे. उशिराचे कारण चौकातील कोंडी आहे, असे विद्यार्थ्याने गृहीत धरले; परंतु पाच कामगारांशी बोलल्यावर बसच्या वेळा हे खरे कारण निघाले, असे समजू. दहा ओळींचा आराखडा त्याच दिवशी बदलता येतो. पूर्ण लिहिलेला लेख बदलण्यास मन धजत नाही. मग लिहिलेली वाक्ये वाचविण्यासाठी वस्तुस्थितीच वाकविली जाते.

निष्कर्ष

पूर्ण झालेला लेख तपासताना अध्यापकाच्या हाती बहुधा शुद्धलेखनच उरते. आराखडा तपासताना मात्र त्याला विद्यार्थ्याची विचारप्रक्रिया दिसते आणि ‘हे तुला कोणी सांगितले?’ हा प्रश्न वेळेवर विचारता येतो. म्हणून लेखनाच्या प्रात्यक्षिकात आराखड्यासाठी स्वतंत्र गुण व स्वतंत्र तासिका असणे इष्ट होय. कारखानदारीने झपाट्याने बदलणाऱ्या या पट्ट्यात बदल प्रत्यक्ष अनुभवणारी मुले वर्गात बसलेली असतात. त्यांचा अनुभव पुराव्यासह वाचकापर्यंत पोहोचावा, यासाठी हा खटाटोप आहे.